न फुगलेला घुमट

चंद्रमती आत्यांनी वडाम तळले ही बातमी कल्याणरामला वासावरून कळली. कॉलेजची व्हॅन गल्लीच्या तोंडाशी वळली आणि हिंगाचा न् कढत तेलाचा असा खमंग वास आत शिरला, की मागच्या सीटवरच्या साईरामने नाक वर करून म्हटलं, "सर, कुणाकडं तरी वडाम तळतायत." एप्रिल महिन्यात तंजावुरात कुणी वडाम, म्हणजे तांदळाच्या पिठाचे वाळवलेले सांडगे, तळले तर त्यात नवल ते काय. पण त्या दिवशी त्या गल्लीत वडाम होते ते फक्त त्याच्या गच्चीवर, आणि ते खायचे नव्हते. ते परीक्षेचे होते.

आता तुम्ही म्हणाल, वडामाची कसली आली परीक्षा. सांगतो. नमनाला घडाभर तेल घालत नाही, तेल पुढे पुष्कळ यायचंय.

कल्याणराम आर्किटेक्चरच्या मुलांना स्ट्रक्चर्स शिकवायचा. म्हणजे सभागृहं, बाजार, विमानतळ असल्या अवाढव्य इमारती मधे खांब न घेता कशाच्या जोरावर उभ्या राहतात आणि त्या कशाच्या बांधायच्या, ते. कॉलेज नवं होतं. सरकारने धंद्यांची दारं सताड उघडली आणि ज्याच्याकडे मोठं छप्पर त्याने कॉलेज काढलं, असे ते दिवस. सांबशिवांकडे भाताची गिरणी होती. त्यांनी यंत्रं विकली, भिंतींना निळा रंग दिला, एक कॉम्प्युटर आणून त्याला एसी खोलीत बसवला, चपला बाहेर काढून मुलांनी त्याचं दर्शन घ्यावं अशी सोय केली आणि स्वतः कॉलेजचे करस्पॉन्डंट, म्हणजे संस्थाचालक झाले. कल्याणरामने काँक्रीटची लॅब मागितली तेव्हा ते म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू. तोवर गोदामात कणी पडलीय, हवी तेवढी न्या."

दुसरा कुणी असता तर राजीनामा दिला असता. कल्याणरामला राजीनामा द्यायलाही नोकरी नीट नव्हती, तो टेंपररी होता, आणि आजवर जिथे गेला तिथे टेंपररीच होता. त्याने कणीचं पोतं घरी नेलं आणि आत्यांना विचारलं, वडाम तडकू नये म्हणून काय करायचं. आत्या म्हणाल्या, कणी दळून पेज नीट शिजव, मीठ-हिंग वेळेवर घाल, घातल्याबरोबर उन्हात टाकू नको, आधी सावलीत धर आणि मग ऊन दाखव. कल्याणराम उडालाच. ओलं असताना हवं तसं वळतं, वाळलं की दगड होतं, घाईने वाळवलं की तडकतं. हे तर काँक्रीटचं सख्खं चुलत भावंड. झालं, त्या वर्षी सगळ्या वर्गाने शेल शिकले ते वडामाच्या पिठातून. शेल म्हणजे अंड्याच्या टरफलासारखं पातळ छत. जाडीवर नव्हे, नुसत्या वळणावर तोलून राहतं. कुणी खोगिराच्या आकाराचं केलं, कुणी अर्ध्या नळीसारखं, कुणी उलट्या छत्रीचं, कुणी घड्या घातलेलं. तळहाताएवढी छतं, कागदापेक्षा थोडी जाड, आणि परीक्षेच्या दिवशी प्रत्येकावर वाळू ओतत जायचं, मोडेपर्यंत.

पहिली खेप गिरणीच्या आवारातल्या कबुतरांनी खाल्ली. पिढ्यान् पिढ्या तांदळावर पोसलेली कबुतरं ती, त्यांना शेल काय आणि कण्या काय. म्हणून दुसरी खेप कल्याणरामच्या गच्चीवर गेली, मच्छरदाणीखाली. घरात धोका नव्हता. बायको अखिला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दिवसभर कामावर, आणि आत्या मुलीकडे तिरुवैयारुला गेलेल्या. त्यांच्या कनवटीला घराची दुसरी किल्ली असते, एवढंच काय ते कल्याणराम विसरला.

आणि परीक्षा घ्यायला मद्रासहून कृष्णस्वामी नावाचे एक्स्टर्नल येणार होते. त्यांचा लौकिक असा, की एका कॉलेजात त्यांनी मुलाचं मॉडेल पाहिलं नाही, त्याच्यावर ब्रीफकेस ठेवली. सांबशिवांनी कल्याणरामला खोलीत बोलावून स्वच्छ सांगितलं होतं, "ते बरं म्हणाले तर तुम्ही कायम. नाहीतर तिरुच्चीचा एक सिव्हिल इंजिनिअर तयार आहे. त्याला कणी लागत नाही." आता इतकं स्पष्ट कुणी बोललं की माणसाची झोप उडते. कल्याणरामची उडाली होती.

शिवाय त्याच्या मनात आणखी एक काटा होता, आणि तो कुणालाच ठाऊक नव्हता. जुलै महिन्यात, पहिल्याच तासाला, त्याने वर्गापुढे एक पांढराशुभ्र घुमट ठेवला होता. गुळगुळीत, नितळ, कुठे रेघ नाही. त्याच्यावर पाच किलोचं लोखंडी वजन ठेवून तो म्हणाला होता, "हे तांदळाचं आहे. हे मी केलं, तुम्हालाही जमेल." मुलं अवाक् झाली होती. वर पुन्हा त्याने उपदेश केला होता, की मटेरियल कधी खोटं बोलत नाही, माणूस बोलतो; म्हणून मटेरियलला हात लावा, वास घ्या, साइटवर वाळू आली की चिमूटभर जिभेवर ठेवा, खारट लागली तर लॉरी परत पाठवा. आणि तो घुमट तांदळाचा नव्हता. तांदळाचे त्याने केलेले एकूण एक तडकले होते. शेवटी अगदी आदल्या संध्याकाळी तो मान डोलावणाऱ्या बाहुल्या करणाऱ्या कारागिराकडे गेला, बाहुलीच्या गोल बुडाचा साचा मागितला आणि त्यात प्लास्टर ओतून आणलं. बाहुली कशीही ढकलली तरी उभी राहते, तसा हा घुमट वर्षभर उभा राहिला. आता तोही बाकीच्यांबरोबर गच्चीवर होता, कारण दुपारी परीक्षेच्या टेबलावर तो मधोमध मांडायचा होता.

असा हा सगळा वास त्या व्हॅनमध्ये आला.

कल्याणराम पळत घरात शिरला. मागोमाग साईराम आणि कविता. शेलं उचलायला हातभार लागावा म्हणून वर्गातली ही दोघं आली होती. स्वैपाकघरात चंद्रमती आत्या चुलीपुढे बसल्या होत्या. शेजारच्या वेताच्या टोपलीत फुगलेल्या, पांढऱ्या, कुरकुरीत वस्तूंचा ढीग लागला होता. त्यांतली एक वस्तू कविताला ओळखीची वाटली. ती जवळ गेली, वाकली आणि हळूच म्हणाली, "सर, हे माझ्या बाकावरच्या पोरीचं फोल्डेड प्लेट आहे. घड्या उलगडल्यात."

"आलास कल्याणा," आत्या म्हणाल्या. "मी सकाळच्या बसनें आलें. गच्चीवर गेलें तों काय, मच्छरदाणीखालीं वडामच वडाम. डोळे भरून आले बघ. लग्न झाल्यापासून अखिलेनें एकदां तरी वडाम घातले होते कां? ह्या वर्षीं घातले."

"आत्ते, ते वडाम नव्हेत."

"तेंच म्हणतें मी. आकार बघितले आणि समजलें, पोरीला जमलें नाहीं. एक वांकडा, एक दुमडलेला, एक तर छत्रीच. म्हटलें, लोकांच्या नजरेला पडण्याआधीं तळून टाकूं. तेलांत गेले की सगळे सारखे. अखिलेला बोलूं नको हो कांहीं, तिला वाईट वाटेल."

आता ह्या माणसावर रागवायचं तरी कसं. सुनेची लाज राखायला म्हातारी भर उन्हाळ्यात चुलीपुढे बसलेली. कल्याणरामने टोपलीत हात घातला, वरखाली केलं, तळ गाठला. घुमट नव्हता. खोगीर नव्हतं, नळी नव्हती, छत्री नव्हती.

"आत्ते, आणखी होते ना?"

"होते की. हंगामांतला पहिला वडाम आधीं गल्लींतल्या आपल्या माणसांच्या पानांत गेला पाहिजे, मग आपल्या. आजोबांपासून चालत आलेलें आहे तें, तुझ्या कॉलेजानें बदलत नाहीं. नळीसारखे होते ते भागीरथीकडे दिले, तिचा नवा जांवई आलाय. चांगले फुगलेले वेंकटरावांकडे."

"आणि तो मोठा? पांढरा? गोल?"

आत्यांनी झारा बाजूला ठेवला. "तो मेला कसला वडाम. तेलांत घातला तर तडतडला, बुडाला, तळाशीं जाऊन बसला. फुगेल म्हणून किती वाट पाहिली. दगडच."

"मग टाकलात?"

"टाकूं कशाला? अन्न आहे. वेंकटरावांनी नवी कवळी करून आणली आहे ना तिरुच्चीहून, ऊंस खातों म्हणून सगळ्या गल्लीला सांगत फिरतात. म्हटलें, हा खाऊन दाखवा."

कल्याणरामच्या डोळ्यांपुढे क्षणात सगळं उभं राहिलं. वेंकटराव, वय पंच्याहत्तरच्या पुढे, रेव्हेन्यू खात्यातले निवृत्त, ईर्षेला पेटलेले. आणि त्यांच्या तोंडात बाहुलीचं बूड. कवळी मोडली तर एक वेळ निभावेल. पण घास घशात अडकला तर? आणि तसं काही झालंच, तर सगळी गल्ली विचारणार, हे काय होतं आणि कुणी केलं. तो बाहेर पळाला आणि पोरं त्याच्यामागे.

"सर, आधी भागीरथी अम्मांकडं," साईराम धावता धावता म्हणाला. "माझी नळी आहे तिथं."

"नळी राहू दे."

"सर, माझे मार्क आहेत तिथं."

भागीरथीबाईंचं घर वाटेवरच होतं आणि दार उघडं होतं. आत केळीचं पान मांडलेलं, पानावर लग्नानंतर पहिल्यांदा आलेले जावई. त्यांच्या उजव्या हातात साईरामचं बॅरल व्हॉल्ट. तीन आठवडे राबून, पीव्हीसी पाइपवर वळवून, सावलीत जपून केलेलं. साईराम उंबऱ्यावर थिजला. जावयाच्या पानावरची वस्तू परत मागायची म्हणजे पुढच्या सात पिढ्यांचं बोलणं बंद. कल्याणरामने त्याचा दंड धरला. जावयांनी व्हॉल्ट मधोमध मोडलं. कर्रर असा एकसारखा, स्वच्छ आवाज आला.

"बरं तुटलं," साईराम पुटपुटला. त्याचे डोळे पाणावले होते, पण आवाजात कुठे तरी अभिमानही होता.

"अत्ते, आणखी आहे का हे?" जावयांनी सासूबाईंना विचारलं.

"ये की आत, कल्याणा," भागीरथीबाई म्हणाल्या. "अखिलेच्या हाताला काय चव आहे. उगीच लोक नांवें ठेवतात."

"मग येतो," म्हणून कल्याणराम निघाला तो थेट वेंकटरावांच्या ओसरीवर. आत डोकावला आणि त्याला जरा हायसं वाटलं. वेंकटराव जिवंत होते. त्यांच्यासमोर पान होतं, शेजारच्या पानावर एक पाहुणे होते, जाड भिंगांचा चष्मा, बाह्या कोपरापर्यंत मुडपलेल्या. पाहुण्यांच्या पानात कविताचं खोगीर अर्धं खाऊन झालेलं. त्यांच्या पलीकडे छत्रीचा दांडा तेवढा उरला होता. आणि वेंकटरावांच्या दोन्ही हातांत तेलाने तपकिरी झालेला घुमट.

"वेंकटराव काका, तो खाऊ नका," कल्याणराम दारातूनच म्हणाला.

"कां?"

"कच्चा राहिलाय."

"कच्चा तर कच्चा," वेंकटराव म्हणाले. "चंद्रमतीनें पैज लावून पाठवला आहे. तिला वाटतें म्हाताऱ्याच्या तोंडांत कांहीं उरलें नाहीं." आणि त्यांनी जबडा उघडला.

"काका, जुना आहे. गेल्या वर्षीचा."

"मीही जुनाच आहे."

"काका, त्याला मुंग्या लागल्या होत्या."

"तळल्यावर मुंगी काय आणि मोहरी काय."

घुमट ओठांपाशी पोचला. कल्याणरामने मागे पाहिलं. कविता आणि साईराम उंबऱ्यावर उभी होती, दोघांचे कान टवकारलेले. वर्षभर ज्या पोरांना मटेरियल खोटं बोलत नाही म्हणून घोकवलं, ती पोरं. पुढे बघावं तर म्हातारा. आणि जे पोटात होतं ते ओठांवर आलं.

"काका, तो तांदळाचा नाही. प्लास्टर आहे."

वेंकटरावांनी घुमट तोंडापासून दूर धरला आणि उलटसुलट पाहिला. शेजारच्या पाहुण्यांनी आपल्या पानातलं खोगीर बोटाने दूर सारलं. "आणि हे?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

"ते तांदळाचंच आहे, सर. अगदी शुद्ध. आमच्या विद्यार्थिनीने केलंय. म्हणजे खायला नाही केलं. शेल आहे ते. हायपार, म्हणजे खोगिराच्या आकाराचं छत. दुपारी परीक्षा आहे त्याची, मद्रासहून एक फार कडक माणूस येतोय, आणि आमच्या आत्यांनी चुकून सगळ्या वर्गाचं सबमिशन तळून टाकलंय." कल्याणरामला दम लागला होता आणि दम लागला की माणूस नको ते जास्त बोलतो. "तो माणूस मॉडेलवर ब्रीफकेस ठेवतो म्हणे."

"ब्रीफकेस नव्हती," पाहुणे म्हणाले. "जेवणाचा डबा होता. मी कृष्णस्वामी."

कल्याणरामच्या पायांखालची जमीन सरकली म्हणतात ना, तशी ती सरकली, आणि भिंत होती म्हणून तो टेकला. वेंकटरावांनी शांतपणे खुलासा केला, की कृष्णस्वामी तरुणपणी पीडब्ल्यूडीत होते तेव्हा ह्याच घराच्या माडीवर भाड्याने राहायचे, आणि तंजावूरला आले की हॉटेलात जेवत नाहीत. कल्याणरामला काही ऐकू येत नव्हतं. त्याला तिरुच्चीचा सिव्हिल इंजिनिअर दिसत होता, कणी न लागणारा.

कृष्णस्वामींनी मात्र हात धुतले नाहीत. त्यांनी उरलेलं खोगीर उचललं, उजेडाकडे धरलं आणि दारातल्या मुलांकडे पाहिलं. "हे कुणाचं?"

"माझं, सर," कविता म्हणाली.

"मधे चांगलं फुगलंय. खुसखुशीत. सगळीकडं सारखं. म्हणजे जाडी सारखी होती. जाड राहिलं असतं तर आतून कच्चं लागलं असतं, पातळ झालं असतं तर करपलं असतं. पण कडेला मला दाताखाली लागलं. कडा जाड का?"

कविताने कल्याणरामकडे पाहिलं. कल्याणराम भिंतीकडे पाहत होता. "सर, ह्या आकारात सगळा भार सरळ कडांवर येतो," ती म्हणाली. "म्हणून कडा मुद्दाम जाड केल्या. खायचं ठाऊक असतं तर केल्या नसत्या."

"बरोबर केल्यास. छत्री कुणाची होती? देठाशी जाड, काठाशी पातळ. मला वाटलंच, हे घरच्या बाईचं काम नाही, इथं कुणी तरी भाराचा विचार केलाय." ते साईरामकडे वळले. "तुझं काय होतं?"

"बॅरल व्हॉल्ट, सर. समोरच्या घरच्या जावयांनी खाल्लं."

"सगळं?"

"सगळं, सर. वर आणखी मागितलं."

"पास," कृष्णस्वामी म्हणाले. मग त्यांनी वेंकटरावांच्या हातातला घुमट घेतला. बोटाच्या पेराने टकटक केलं. अंगठा मधोमध ठेवून दाबला. जुलैत पाच किलोचं लोखंड झेललेला तो घुमट तेलात भाजून भुसभुशीत झाला होता. तो मुकाट्याने खचला आणि त्याचा पांढरा चुरा पानावर सांडला. "आणि हा कुणाचा?"

आता पाहा, उत्तर सोपं होतं. कल्याणरामने वर्गातल्या कुणाचंही नाव घेतलं असतं तर खपून गेलं असतं. वर्गात नापास होणारी दोन-चार पोरं होतीच. किंवा गप्प बसला असता तरी चाललं असतं, कारण तेवढ्यात साईराम एक पाऊल पुढे आला आणि म्हणाला, "सर, तो माझा. एक नळी आणि एक घुमट. दोन केले होते."

कल्याणराम चपापला. मग त्याने मान हलवली. "नाही सर. तो माझा. जुलैत मी वर्गाला तांदळाचा म्हणून दाखवला. माझे तांदळाचे सगळे तडकले होते. बाहुलीच्या साच्यात ओतून आणला." एवढं बोलून त्याला वाटलं, आता हिशेब मिटला, नोकरी गेली ती गेली, पोरांपुढची अब्रूही गेली. तेलही गेलं, तूपही गेलं. त्याने पोरांकडे बघण्याचं धाडस केलं नाही.

"तुम्हाला धक्का बसला?" कृष्णस्वामींनी मुलांना विचारलं.

"नाही, सर," कविता म्हणाली. "आम्हाला जुलैपासून माहीत आहे."

कल्याणरामने झटकन मान वर केली. त्या दिवशी त्याला एकामागून एक धक्के बसले होते, पण आधीचे सगळे ह्याच्यापुढे गुदगुल्या.

"सरच म्हणाले होते, मटेरियल जिभेवर ठेवून बघा," कविता म्हणाली. "सर वजन परत द्यायला बाहेर गेले तेवढ्यात साईरामनं घुमट चाटला."

"प्लास्टर जिभेला चिकटतं, सर," साईराम म्हणाला. "आमच्या घरी नवरात्रात मांडायच्या कोलूच्या बाहुल्या असतात, मी लहानपणापासून चाटतो."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

कविता म्हणाली, "आधी आम्हाला वाटलं, सरांनाच जमलं नाही म्हणजे तांदळाचं होतच नसणार. मग हॉस्टेलमधल्या पोरांनी एक करून बघितलं, तडकलं. मग आम्ही केलं, तडकलं. मग सगळा वर्गच इरेला पडला. ज्या दिवशी पहिलं न तडकता निघालं त्या दिवशी सरांना सांगणार होतो. पण सर इतके खूश झाले, की नको वाटलं."

कल्याणरामला आठवलं. डिसेंबरची गोष्ट. सगळा वर्ग त्याच्या टेबलाभोवती गोळा झाला होता, ते पहिलं वाकडंतिकडं शेल बघायला, आणि तो म्हणाला होता, "बघा, मी म्हटलं नव्हतं जमेल म्हणून?" आणि पोरं माना डोलावत होती, त्या बाहुल्यांसारखी. त्याचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. हसावं की रडावं ते त्याला समजेना, आणि खरं सांगायचं तर त्याला दोन्ही येत होतं.

वेंकटराव पानावरचा चुरा बोटाने बाजूला करत म्हणाले, "तें सगळें ठीक. पण चंद्रमतीला मी आतां काय सांगूं? पैज कोण जिंकलें?"

दुपारी सांबशिव हार घेऊन कॉलेजच्या दारात उभे होते. कृष्णस्वामी व्हॅनमधून उतरले ते मांडीवर वेताची टोपली धरूनच बसून आलेले. त्यांनी उरलेली सगळी शेलं टेबलावर मांडून घेतली, एकेका मुलाला उभं केलं, कडा मोडून पाहिल्या, आतला थर उजेडाला धरला, खाऊन पाहिली, आणि कुठे जाडी वाढली, कुठे कमी पडली ते पोरांना तोंडावर सांगितलं. वाळू ओतायची राहिली, तिचं कुणाला काही वाटलं नाही. सांबशिव कोपऱ्यात उभे राहून हे बघत होते. आपली गिरणीतली कणी एवढा मोठा माणूस इतक्या गंभीरपणे खातोय, ह्याने ते दिङ्मूढ झाले होते.

"आमचे लेक्चरर कसे वाटले?" शेवटी त्यांनी चाचरत विचारलं.

कृष्णस्वामींनी रुमालाने हात पुसले. "मुलांना येतं," ते म्हणाले. "मुलांना येतं म्हणजे कुणी तरी शिकवलं असणार. कायम करा." सांबशिवांचा चेहरा फुलला. कल्याणरामचे डोळे भरून आले. "पण एक अट आहे. पुढच्या वर्षी मी पुन्हा येईन. तेव्हा एक शेल ह्यांचं स्वतःचं हवं. तांदळाचं. मी वेंकटरावांकडं तळून घेईन."

संध्याकाळी अखिला घरी आली ती चकित होऊनच, कारण एक्स्चेंजपासून घरापर्यंत निम्म्या गल्लीने तिच्या हातच्या वडामांचं कौतुक केलं होतं आणि भागीरथीबाईंनी तर कृती मागितली होती. कल्याणरामने दोघींना बसवून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आत्या ऐकून घेत राहिल्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे तो न फुगलेला तुझा होता?"

"हो."

"मग मला आधीं कां नाहीं सांगितलेंस? मी अखिलेला उगीच बोल लावला."

पुढचा मार्च आला. कॉलेज सुटल्यावर साईराम आणि कविता कल्याणरामच्या गच्चीवर यायला लागली. आत्या कठड्याला टेकून बसायच्या, वेंकटराव आपल्या गच्चीवरून लक्ष ठेवायचे. कायम झालेला लेक्चरर उकिडवा बसून, जीभ दाताखाली धरून, उलट्या वाटीवर पीठ पसरायचा, आणि साईराम वरून सांगायचा, "पातळ, सर. अजून पातळ. तिकडं जाड होतंय." पहिला घुमट तडकला. दुसराही तडकला. त्यानंतरचा मात्र सावलीत दिवस काढून, ऊन खाऊन वाटीवरून अलगद सुटला. अखंड. पांढराशुभ्र. कुठे रेघ नाही. कल्याणरामने तो दोन्ही हातांत धरून सगळ्यांना दाखवला. आपल्या गच्चीवरून वेंकटरावांनी टाळ्या वाजवल्या.

साईरामने घुमट हातात घेतला, वळवून पाहिला, आणि सवयीने कडेला जीभ लावली. मग भुवया आक्रसून दुसऱ्या कडेलाही लावली.

"काय झालं?" कल्याणरामने घाबरून विचारलं. "तांदळाचाच आहे रे बाबा. तुझ्यासमोर केला."

"तांदळाचाच आहे, सर," साईराम म्हणाला. "मीठ राहिलं."